पोलीस भरतीच्या पेपरात दूध-पाण्याच्या मिश्रणाची गणितं वेळेत कशी सोडवायची?

गुणोत्तर कळतं, पण दुधात पाणी ओतलं की गाडी अडते, असं तुम्ही लिहिलंय. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत भरतीची पोरं माझ्याकडे गणिताला बसतात, त्यांचंही घोडं इथंच पेंड खातं. सूत्रं तर सगळ्यांना पाठ असतात. आधी एवढंच बघा: या सगळ्या उलाढालीत काय बदललं नाही?

60 लिटर मिश्रणात दूध व पाणी 7:3 आहे. आणखी किती पाणी टाकलं म्हणजे 3:2 होईल? क्ष मांडत बसू नका. 10 भाग म्हणजे 60, एक भाग 6. दूध 42, पाणी 18. आता आपण पाणी ओततोय, दुधाला कोणी हातही लावला नाही. म्हणजे नव्या गुणोत्तरातले 3 भाग म्हणजे तेच 42 लिटर. एक भाग 14 झाला, पाणी 28 पाहिजे, 18 आहे, 10 टाका. झालं. पोरं इथं जुनाच भाग, 6, धरून बसतात आणि पर्यायांत उत्तर सापडत नाही म्हणून पुस्तकाला शिव्या घालतात.

दुसरा सापळा 'काढून टाकलं' या शब्दांत असतो. त्याच 60 लिटरमधून 10 लिटर मिश्रण काढलं आणि तेवढंच पाणी घातलं, तर? काढलेल्या 10 लिटरातही 7:3 च असतं. दूध 7 गेलं, पाणी 3 गेलं. उरलं दूध 35, पाणी 15 अधिक 10, म्हणजे 25. उत्तर 7:5. 40 लिटर शुद्ध दुधातून 4 काढून 4 पाणी, असं दोनदा केलं असेल तर दर वेळी दुधाचे नऊ दशांश उरतात: 40, मग 36, मग 32.4.

120 आणि 150 रुपये किलोची तूरडाळ मिसळून 130 ची करायची असेल तर तिरकी वजाबाकी: 150 मधून 130 गेले 20, 130 मधून 120 गेले 10. स्वस्त आणि महाग 2:1. मिश्रण 130 चं, म्हणजे स्वस्त डाळीकडे झुकलेलं, तेव्हा तीच जास्त लागणार. 1:2 लिहिलं असेल तर इथंच पकडता येतं.

टक्क्यांत गडबड होते ती एकूण विसरल्यामुळे. वावरात निंबोळी अर्क केला असेल तर आठवा: 5 टक्के अर्कासाठी 5 किलो निंबोळ्यांचा कूट रात्रभर भिजवतात, गाळतात आणि पाणी घालून एकूण द्रावण 100 लिटर करतात. 100 लिटर पाण्यात वरून अर्क ओतत नाहीत. तसंच 1:4 म्हणजे एकूणाचा पाचवा हिस्सा, चौथा नव्हे.

90 मिनिटांत 100 प्रश्न असतात, म्हणून आधी पर्यायांवर नजर टाका. मिश्रण 7:3 असेल आणि एकूण लिटर विचारले असतील, शिवाय दूध-पाणी दोन्ही पूर्ण लिटरांत असतील, तर 10 ने भाग न जाणारे पर्याय तिथंच खोडा. पुष्कळदा एकच उरतो.