खाली नजर, हरवलेली हाक

प्रश्न : आमचा चार वर्षांचा नातू नजरेला नजर देत नाही, हाकेला ओ देत नाही, यंत्रमागाचा खडखडाट सुरू झाला की कान झाकतो. घरचे म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. थांबावे का?
– एक आजी, सोलापूर

उत्तर : आजी, थांबू नका. ही स्वमग्नतेची (ऑटिझमची), म्हणजे संवाद आणि वागण्यावर परिणाम करणाऱ्या मेंदूच्या वाढीतील वेगळेपणाची, लक्षणे असू शकतात. वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे आपल्याकडे संस्कार मानला जात असल्याने हे लक्षण पुष्कळदा कौतुकाने खपून जाते आणि शंका येते ती मूल शाळेत गेल्यावर. १९४३ मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे पाश्चात्त्य देशांत तिचा दोष आईच्या रुक्षपणाला दिला गेला, आपल्याकडे तो दृष्ट लागण्याला किंवा सुनेला दिला जातो, आणि दोन्ही समजुती निराधार आहेत. श्रवणचाचणी व बालविकासतज्ज्ञांची तपासणी लगेच करून घ्या. सुनेला बोल लावणाऱ्यांना मात्र तुम्हीच आवरा.