फरिश्ता, प्रेषित आणि न पाठवलेला दूत

प्रश्न असा आला आहे: १९९५च्या 'द प्रॉफेसी' या भयपटात देवदूतांची आपापसातली लढाई पृथ्वीवर येते, गेब्रिएल सरळ माणसं मारत सुटतो. मराठी सबटायटलमध्ये अशाला 'देवदूत' म्हणणं चूक नाही का? 'फरिश्ता' किंवा थेट 'सैतान' बरा नाही का?

मारतो म्हणून चूक? अजिबात नाही. चूक आपण रोज करतो ती वेगळीच. कोणी बुडत्याला बाहेर काढलं की बातमीत ठरलेलं वाक्य: 'देवदूत बनून धावून आला'. अरे, त्याला तारणहार म्हणा, देवासारखा धावला म्हणा! दूत हा निरोप्या. धन्याचा निरोप पोचवणं, हुकूम बजावणं हे त्याचं काम. निरोप गोड की कडू हे धन्यानं ठरवायचं. बायबलातल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात परमेश्वराचा दूत एका रात्रीत अश्शूरांच्या छावणीतले १,८५,००० मारतो. तो देवदूतच. आणि यमदूताला आपण दूत म्हणतोच की, तेव्हा कोणाला खटकत नाही.

आता 'फरिश्ता'. हा शब्द अरबी असल्याचं छातीठोकपणे सांगणारे जाणकार मला वारंवार भेटतात, आणि दर वेळी मी तेच सांगतो: अरबीत देवदूताला 'मलक' म्हणतात. फरिश्ता अस्सल इराणी. मध्य फारसीत तो 'फ्रेस्तग' होता. त्यातला 'फ्र' म्हणजे आपला 'प्र' (फर्मान आणि प्रमाण ही जोडीही तशीच), पुढचा धातू 'इष्', म्हणजे पाठवणं, धाडणं. प्र अधिक इष्: प्रेषित! फरिश्ता आणि प्रेषित हे सख्खे भाऊ. एक इराणातून फिरून आपल्याकडे आला, एक संस्कृतातून. फ्रेस्तगचे अर्थही दोन होते, देवदूत आणि धर्मसंदेश घेऊन पाठवलेला माणूस. मराठी बायबलात 'प्रेषितांची कृत्ये' आहेत ती याच दुसऱ्या अर्थानं.

याहून मोठा आनंद ऋग्वेदात आहे. दहाव्या मंडलाच्या १०८व्या सूक्तात पणी नावाच्या शत्रूंनी लपवलेल्या गाई शोधत इंद्राची कुत्री सरमा रसा नदी ओलांडून जाते. कोण तू, म्हणून विचारल्यावर सांगते: 'इन्द्रस्य दूतीरिषिता चरामि'. इंद्राची दूती, पाठवलेली, अशी मी फिरते आहे. 'दूती' आणि 'इषिता' शेजारी शेजारी! देवदूत आणि फरिश्ता या दोन्ही शब्दांचं मर्म एका चरणात. पणी तिला बहीण मानायला तयार होतात, गाईंत वाटा देऊ करतात. ती बधत नाही. त्याच मंडलाच्या चौदाव्या सूक्तात यमाचे दोन चार डोळ्यांचे कुत्रे येतात. त्यांना 'सारमेय' म्हटलं आहे, म्हणजे सरमेची पोरं, आणि दोनच ऋचा पुढे 'यमस्य दूतौ'. आई इंद्राची दूती, मुलं यमाचे दूत. दूत म्हटलं की पांढरे पंख आणि मंद हसू डोळ्यांपुढे आणणाऱ्यांनी या कुत्र्यांची रुंद नाकं आठवावीत.

चित्रपटातला गेब्रिएल भयंकर वाटतो तो याच कसोटीवर. देवानं माणसाला वरचं स्थान दिलं याचा त्याला मत्सर आहे. लढाई जिंकायला कोरियन युद्धात क्रौर्य केलेल्या एका मृत कर्नलचा आत्मा तो शोधतो आहे. हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. बायबलात हाच गेब्रिएल मरियेकडे निरोप घेऊन येतो, कुराणाच्या परंपरेत जिब्रील म्हणून 'वही', म्हणजे ईश्वरी संदेश, आणतो. इथे त्याच्याकडे कोणाचाच निरोप नाही. न पाठवलेला फरिश्ता हा व्युत्पत्तीनंच वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारी गोष्ट, आहे. तेव्हा त्याच्या तोंडी 'देवदूत' राहू द्या, इतर पात्रांनाही तेच म्हणू द्या. 'सैतान' तर नकोच, लूसिफर त्याच चित्रपटात वेगळा हजर आहे.

राहता राहिला 'पतित देवदूत' हा सर्रास वापरला जाणारा अनुवाद. मला तो मुळीच पटत नाही. मराठीत 'पतित' म्हटलं की मागोमाग 'पावन' येतो, आणि पाप्याबद्दल कणव वाटायला लागते. 'च्युत' घ्या. विष्णू अच्युत, न ढळणारा, हे ढळलेले. शिवाय 'पदच्युत' रोजच्या वापरात आहे आणि त्यात नेमून दिलेलं काम गेल्याचा अर्थ आयताच येतो. सबटायटलमध्ये 'च्युत देवदूत' दोन शब्दांत बसतं.