शिशाच्या शिपायांवर पांढरी पूड

प्रश्न : आमचे आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी. त्यांनी इंग्लंडहून आणलेले शिशाचे शिपाई फणसाच्या कपाटात आहेत. उंची दोनेक इंच. त्यांत काही फेटेवाले घोडेस्वार. यंदाच्या पावसाळ्यात काहींच्या पायांवर पांढरी पूड आली. रंगही उडालाय. पुतण्या म्हणतो, नव्याने रंगवून टाकू. रंगवावेत का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पुतण्याच्या हातातला ब्रश आधी काढून घ्या! मूळ रंग कितीही उडालेला असला तरी संग्राहक त्यालाच किंमत देतो. मला तर झिजलेलेच जास्त आवडतात. त्यांच्याशी कुणीतरी खेळलंय.

एक शिपाई उचलून पाहा. आकाराच्या मानाने हलका लागला आणि कुठेतरी बारीक भोक दिसलं, तर तो पोकळ ओतीव. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये अशी खेळणी बाजारात आणली. साच्यात वितळलेला शिशाचा मिश्रधातू ओतायचा, बाहेरचा थर धरला की आतला परत ओतून काढायचा. धातू कमी लागे, त्यामुळे जर्मनीच्या भरीव शिपायांपेक्षा माल स्वस्त पडे. त्यांची नेहमीची उंची ५४ मिलिमीटर, म्हणजे तुमचे दोन इंचच. घोड्याच्या पोटाखाली कंपनीचं नाव सापडतं का बघा. फेटेवाल्यांच्या हातात भाला असेल तर ते बंगाल लान्सर्स, म्हणजे इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेतले भालेवाले घोडेस्वार, असू शकतील. ब्रिटन कंपनीने तेही काढले होते. शिपायाचा हात खांद्यातून फिरतो का, तेही पाहा, पण हळूच; तीही या कंपनीच्या मालाची एक खूण.

आता पूड. तो शिशाचा गंज, बुरशी नव्हे. लाकूड, प्लायवूड, ताजं पॉलिश यांतून आम्लाची वाफ सुटते. बंद कपाटात ती कोंडते आणि आपल्याकडची दमट हवा भर घालते. ओक सर्वांत वाईट, पण फणसावरही मी भरवसा ठेवणार नाही. शिपाई काच आणि धातूच्या कपाटात हलवा, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पूड आलेले वेगळे काढा. हातमोजे आणि मास्क घालून मऊ कोरड्या ब्रशने हळूच झाडा, खाली ओला कागद पसरा. फुंकर मारू नका, पूड विषारी आहे. चिंच किंवा सोलं (आमसुलं) लावून समई उजळते म्हणून इथे तो प्रयोग नको, आम्लानेच तर हे झालंय.

घरात लहान मुलं असतील तर कपाटाला कुलूप हवंच. त्यांना खेळायला दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आणून द्या.