नियतीचक्र, भाग्यचक्र की दैवचक्र?

प्रश्न असा आलाय की टॅरोतल्या, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांतल्या, 'व्हील ऑफ फॉर्च्यून' या कार्डाला मराठीत 'नियतीचक्र' म्हटलेलं चालेल का. चालेल, चालतंयच, पण मला खटकतं.

नियती म्हणजे नेमून दिलेलं. नियत, नियम हे तिच्याच घरातले शब्द. जे ठरलंय ते ठरलंय, मग चाक फिरवायचं कशाला? आणि या कार्डाची सगळी गंमतच फिरण्यात आहे. मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्यांचा पंधराव्या शतकातला हाताने रंगवलेला संच आहे त्यातलं कार्ड बघा, मधोमध डोळ्यांवर पट्टी बांधलेली फॉर्चुना, म्हणजे रोमन लोकांची दैवाची देवी, आणि तिच्या चाकाला चार माणसं. चढणारा लॅटिनमध्ये म्हणतो राज्य करीन, माथ्यावरचा म्हणतो करतोय, घसरणारा म्हणतो केलं होतं, आणि खाली दबलेला म्हातारा म्हणतो मला राज्यच नाही. त्यात माथ्यावर बसलेल्याला चक्क गाढवाचे कान! देवी आंधळेपणाने चाक फिरवतेय, यात नेमलेलं काही नाही.

१९०९ च्या रायडर-वेट या गाजलेल्या टॅरो संचात (चित्रं पामेला कोलमन स्मिथची) माणसं गेली, वर तलवार घेतलेला स्फिंक्स (माणसाचं डोकं, सिंहाचं धड), एका बाजूने उतरणारा साप, दुसरीकडून वर येणारा कोल्ह्याच्या तोंडाचा इजिप्शियन देव अनुबिस. चाकावर टी-ए-आर-ओ अशी अक्षरं आहेत, ती आर पासून फिरवून वाचली की 'रोटा' होतं, म्हणजे लॅटिनमध्ये चाक. आपला 'रथ' याच रोटाचा भाऊबंद आहे बरं का.

मग भाग्यचक्र? भाग्य म्हणजे मुळात भाग, वाटा, आणि अरबीतून आलेल्या नशीबाचा मूळ अर्थही वाटाच, मजा आहे. पण वापरात नुसतं भाग्य म्हटलं की चांगलंच वाटतं, भाग्य लागतं म्हणतो ना आपण. 'फेरा' घ्यावा तर तो शनीचा नाहीतर दुष्काळाचा, म्हणजे वाईटच. रहाटगाडगं चित्र म्हणून फिट्ट आहे, भरलेली गाडगी वर येतात आणि रिकामी खाली जातात, पण संसाराला जुंपून जुंपून त्याला आता नुसता कंटाळा चिकटलाय. दैव मात्र मधोमध उभं, सु लावा की सुदैव, दुर् लावा की दुर्दैव. म्हणून माझं मत दैवचक्र.

एक मात्र सांभाळा. कार्डाचा अर्थ लिहिताना 'तुमचे दिवस फिरणार' असं लिहू नका. मराठीत दिवस फिरले, ग्रह फिरले, डोकं फिरलं, घराचे वासे फिरले, सगळं वाईटाकडेच जातं. कार्ड सुलटं आलं असेल तर 'दिवस पालटतील' लिहा, नाहीतर वाचणारा उगाच ग्रहांची शांत करायला भटजी शोधत बसेल.