जिमी ब्रेस्लिन एवढे फेमस का?

प्रश्न: पत्रकारितेच्या क्लासला ब्रेस्लिनचं नाव सारखं निघतं, त्यांनी केलं तरी काय एवढं?

उत्तर: न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला वर्तमानपत्राचा कॉलम लिहिणारा पत्रकार, कॉलेज अर्धवट सोडलेला. १९६३ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या अंत्यविधीला सगळे रिपोर्टर बड्या नेत्यांमागे पळत होते आणि हे साहेब गेले थेट आर्लिंग्टनच्या दफनभूमीत कबर खोदणाऱ्याकडे, तासाला ३.०१ डॉलर मिळणारा तो माणूस, रविवारी कामावर बोलावलेला, आणि वर म्हणतो काय तर हा माझा मान आहे! हेरल्ड ट्रिब्यून या वर्तमानपत्रातला तो कॉलम अजून शिकवतात. १९७७ला 'सन ऑफ सॅम' नावाच्या खुन्याने पत्र पाठवलं तेही यांनाच. १९८६ला पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार मिळाला. तोंडाने मात्र फटकळ, १९९०ला सहकारी महिलेला वंशावरून शिव्या घातल्या म्हणून न्यूजडे या वर्तमानपत्राने सस्पेंडही केलेलं. २०१७ला गेले.