परत आलेले अर्ज जपून ठेव

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात दिवसभर कायद्याची कलमं ऐकलीस, आणि गावात परतल्यावर पहिल्याच बाईच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, असं तू लिहिलंयस. साहजिक आहे. बेंगळुरूहून आलेला साधनव्यक्ती सबंध राज्यासाठी बोलतो. बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूर-निपाणीकडच्या प्रकरणांचा एक पाय मात्र महाराष्ट्रात असतो.

हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडची मुलगी लग्न होऊन बेळगाव तालुक्यात येते. माहेरच्या रेशनकार्डावरचं नाव कमी केलेलं नसतं, आधारवर पत्ता जुनाच. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 रुपये रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नोंद असलेल्या बाईला मिळतात. ही वेगळी राहायला लागली की आधी माहेरचं नाव कमी करा, मग इथलं कार्ड, मग योजना. जातीच्या दाखल्याचा गुंता त्याहून मोठा. जात जन्मानं ठरते, नवऱ्याची लागत नाही. शिवाय तिकडचा अनुसूचित जातीचा दाखला लग्न करून इकडे आल्यावर इथल्या आरक्षणाला चालत नाही. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या 3बी प्रवर्गात, हद्दीवरच्या शिनोळीच्या पलीकडे महाराष्ट्रात हिशोब निराळा.

हे सगळं ठाऊक असतं नाडकचेरीबाहेर (दाखले मिळतात त्या महसूल कचेरीबाहेर) अर्ज लिहून देणाऱ्याला आणि निवृत्तीला आलेल्या अंगणवाडी सेविकेला. ती निवृत्त होते, आणि नव्या पोरीला पुन्हा पहिल्यापासून हेलपाटे. म्हणून एक वही कर. मंजूर झालेल्या अर्जांचं कौतुक अहवालात येतंच. तू परत आलेले अर्ज लिही. कुठल्या कचेरीत, काय कारण सांगून परत पाठवला, शेवटी कुठल्या कागदावर काम झालं. तोंडी ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, ऐकून परत येऊ नकोस. ठरल्या मुदतीत सेवा देण्याच्या कर्नाटकच्या सकाल कायद्याखालची सेवा असेल तर पोचपावतीचा नंबर माग, नाकारलं तर लेखी हिंबरह, म्हणजे कचेरीचं लेखी उत्तर, माग. तो कागद हातात आला की साहेबाचं बोलणं बदलतं, हा माझा अनुभव.

त्यासाठी कन्नड वाचता यायला हवं. तुला राग येईल, पण सांगते. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल. तोवर म्हातारीची संध्या सुरक्षा, म्हणजे वृद्धांची, पेन्शन थांबवून कसं चालेल? आदेश कन्नडमध्ये येतो. तो वाचून आपल्या बायकांना मराठीत समजावणारं माणूस आपल्यातच हवं.

महिन्यातून एकदा चार-पाच कार्यकर्त्यांनी बसा आणि वह्या एकमेकींना वाचून दाखवा. भाषण नको, हारतुरे तर नकोतच. आशा, अंगणवाडीताई, पंचायतीतली एखादी सदस्य, सगळ्या असू देत. सौंदत्तीकडे देवदासी प्रथेविरुद्ध काम उभं राहिलं त्यात स्वतः त्या प्रथेतून बाहेर आलेल्या बायका होत्या. प्रथेला बंदी घालणारा कायदा त्यांच्या तोंडून ऐकताना कसा पोचतो ते एकदा जाऊन बघ. माझ्या मते त्याहून चांगलं प्रशिक्षण नाही.

एका बाबतीत मात्र कडक राहा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आधारकार्डाचे फोटो, अत्याचार झालेल्या मुलीचं नाव, तिच्या शाळेचं नाव, काहीही टाकायचं नाही. पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आणि बाल न्याय कायदा दोन्ही मुलाची ओळख उघड होऊ देत नाहीत. आणि गाव एवढंसं असतं, की ‘वरच्या आळीतली, वडील ट्रॅक्टरवर’ एवढं म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. अनुभव सांग, माणूस ओळखू येईल असं काही सांगू नकोस.

बालविवाहाचं तू विचारलंस. इथे कुणकुण लागली की वऱ्हाड हद्दीपलीकडे नेतात, हे खरं. कर्नाटकात 2016 च्या दुरुस्तीनं असा विवाह मुळातच रद्दबातल धरला जातो. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. मुलांच्या मदतीचा 1098 हा फोन नंबर दोन्हीकडे चालतो. पण हळदीच्या रात्री खरा उपयोग ओळखीचा. तेव्हा चंदगड आणि कागलकडच्या गावांतल्या ग्रामसेवकांचे आणि अंगणवाडी पर्यवेक्षिकांचे नंबर आत्ताच, लग्नसराईआधी, वहीच्या पहिल्या पानावर लिहून घे. नुसते नंबर घेऊ नकोस, एकदा जाऊन चहा पिऊन ये. वही भरायला लागलीस की मला दाखवायला आण, अक्षर कसंही असू दे.

तुझी,
ताई