‘सशस्त्र तटस्थता’ की ‘सशस्त्र अलिप्तता’?

प्रश्न असा आहे: १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध कशी उतरली, यावरच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘आर्म्ड न्यूट्रॅलिटी’ला ‘सशस्त्र तटस्थता’ म्हटलं तर विसंगत वाटतं, ‘अलिप्तता’ वापरावं का? आणि ‘बेलिजरंट’ला ‘युयुत्सु’ चालेल का?

‘तटस्थता’च ठेवा. अलिप्तता हे धोरण, तटस्थता हा कायदेशीर दर्जा. ‘अलिप्त’ म्हटलं की आपल्याला नेहरू, नासर, टिटो आणि १९६१ची बेलग्रेड परिषद आठवते. तो शब्द १९१७मध्ये शोभत नाही. शिवाय अमेरिका अलिप्त कुठे होती? तिथले कारखानदार ब्रिटन-फ्रान्सला दारूगोळा विकत होते, बँका कर्ज देत होत्या. तरीही ती तटस्थच, कारण युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९०७च्या हेग करारांप्रमाणे खासगी शस्त्रविक्री चालू दिल्याने तटस्थता मोडत नाही. सरकारने स्वतः युद्धनौका किंवा दारूगोळा पुरवला, तर मोडते.

‘सशस्त्र तटस्थता’ ही संज्ञाही जुनी आहे. रशियाच्या कॅथरिनने १७८०मध्ये तटस्थ देशांच्या जहाजांच्या रक्षणासाठी याच नावाची आघाडी उभी केली होती. विसंगती आहे ती संज्ञेत नाही, १९१७च्या परिस्थितीत. जर्मनीने १ फेब्रुवारीपासून पाणबुड्यांना तटस्थ देशांच्या जहाजांवरही हल्ले करायला मोकळं सोडलं. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी ३ तारखेला राजनैतिक संबंध तोडले आणि २६ला व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याची परवानगी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, मागितली. प्रतिनिधीगृहात विधेयक ४०३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झालं. सेनेटमध्ये ला फॉलेट, नॉरिस वगैरे मूठभर सदस्यांनी ४ मार्चला अधिवेशन संपेपर्यंत चर्चा लांबवून ते अडवलं. विल्सननी मग स्वतःच्या अधिकारात तोफा बसवल्या. पण पाणबुडी पाण्याखालून येते, तेव्हा तोफेचा उपयोग व्हायचा तर पेरिस्कोप दिसताक्षणी आधी आपणच गोळी झाडायला हवी. मग तटस्थता उरली कुठे? २ एप्रिलच्या भाषणात खुद्द विल्सननीच हा उपाय कुचकामी ठरल्याचं मान्य केलं. तेव्हा वाचकाला शब्द खटकला तर खटकू द्या, त्या काळच्या लोकांनाही खटकत होता.

‘युयुत्सु’ मात्र नको. युयुत्सु म्हणजे लढायला उत्सुक. इथे हवा आहे युद्धात सामील असलेला पक्ष, म्हणजे ‘युद्धरत’ किंवा ‘युद्धमान राष्ट्र’. महाभारतातला युयुत्सु तर ऐन युद्धाच्या तोंडावर कौरवांकडून पांडवांकडे गेला. तटस्थ पाहिजे असेल तर बलराम घ्या, तो खरोखरच सरस्वतीच्या तटावर तीर्थयात्रेला निघून गेला होता!

खरा घोटाळा मतदानाच्या वर्णनात होतो. मराठीत ‘तटस्थ राहिले’ म्हणजे मत दिलं नाही. युद्धाच्या ठरावावर सेनेटमध्ये ४ एप्रिलला ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधीगृहात ६ तारखेला ३७३ विरुद्ध ५० मतं पडली. या ५०मध्ये काँग्रेसच्या पहिल्या महिला सदस्य जॅनेट रँकिन होत्या. त्यांना ‘तटस्थ सदस्य’ लिहिलंत तर त्यांनी मतच दिलं नाही असा अर्थ होईल, आणि त्यांनी तर चक्क विरोधात मत दिलं होतं. म्हणून ‘युद्धविरोधी सदस्य’ किंवा ‘देशाने तटस्थ राहावं या मताचे सदस्य’ असं फोडून लिहा.

अमेरिकेला सरसकट ‘दोस्त राष्ट्र’ही करू नका. ब्रिटन-फ्रान्सशी तिने मैत्रीचा करार केला नाही, स्वतःला ‘सहयोगी’ म्हणवून घेतलं. व्हर्सायच्या तहातही ‘दोस्त आणि सहयोगी’ अशी जोडी आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीशी तर तिने डिसेंबरपर्यंत युद्ध जाहीर केलं नव्हतं.

राहिलं क्रियापद. ठरावाचा रोख ‘जर्मनीने आमच्यावर लादलेली युद्धस्थिती आम्ही रीतसर जाहीर करतो’ असा आहे. ‘युद्ध पुकारलं’ म्हटलं की पुढाकार अमेरिकेचा ठरतो, आणि नेमकं तेच विल्सनना टाळायचं होतं. ठरावाचा अनुवाद करताना ‘युद्धस्थिती जाहीर केली’ लिहा. मथळ्यात ‘युद्ध पुकारले’ चालेल, जागा वाचते.